वीस लाखांची फिरती व्हॅन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या तुम्ही आठ-दहा मित्रांनी मिळून वीस लाख रुपये जमवलेत. त्यातून सातपुड्यातल्या एखाद्या आदिवासी तालुक्याला फिरता दवाखाना द्यायचा विचार आहे. आत तपासणीचं टेबल, रक्त तपासायचं यंत्र, औषधांचं कपाट असलेली व्हॅन. एवढ्या पैशात जास्तीत जास्त लेकरं वाचवायची तर हा मार्ग बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागून सांगतो. व्हॅन घेऊ नका. सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो. त्यानंतर आशाताई (गावातच राहणाऱ्या, सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका) आणि सिस्टरांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. मधली दोन वर्षं अशाच एका व्हॅनवर होतो. तिच्यात बसून डबे खाल्लेत आणि पावसाळ्यात तिला चिखलातून ढकललंयही. त्यामुळे व्हॅनवर माझा काही राग नाही, पण लेकरं वाचवायची म्हटलं की तिचा हिशेब जुळत नाही.

हिशेब असा. एक व्हॅन, दिवसाला दोन पाडे, आठवड्याचे पाच दिवस. वीस पाडे घेतलेत तर प्रत्येक पाड्यावर ती पंधरवड्यातून एकदा पोचते. आता समजा, आठ महिन्यांच्या पोराला बुधवारी रात्री धाप लागली. न्यूमोनिया. व्हॅन सोमवारीच येऊन गेली, म्हणजे पुढची खेप बारा दिवसांनी. पोर तोवर थांबत नाही. जुलाबाने सुकलेलं मूल दीड-दोन दिवसांत हातचं जातं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर चोवीस तासही पुष्कळ होतात. लहान मुलं ज्या आजारांनी दगावतात ते बहुतेक घाईचे आजार आहेत, आणि व्हॅन चालते वेळापत्रकावर. दोघांची गाठ एकाच दिवशी पडण्याची शक्यता चौदात एक, आणि रात्र धरली तर त्याहून कमी.

हे उत्तर सगळ्याच आजारांना लागू नाही, हेही कबूल करतो. रक्तदाब, मधुमेह, टीबीचा थुंकी-नमुना, गरोदर बाईची महिन्याची तपासणी, सिकलसेलचं रक्त, ही कामं तारीख ठरवून होण्यासारखी आहेत. तिथे व्हॅन उत्तम चालते. तुम्ही लेकरांचं विचारलंत म्हणून नाही म्हणतो. म्हाताऱ्यांच्या बीपीचं विचारलं असतंत तर कदाचित हो म्हणालो असतो. काही ठिकाणी तर चाकांनी किंवा वल्ह्यांनी जाण्यावाचून गत्यंतरच नसतं. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या पाण्याने ज्या गावांची वाट तोडली, तिथे तरंगता दवाखाना जातो. त्याला काय पर्याय सुचवणार?

दुसरी गोष्ट पैशाची. वीस लाखांत व्हॅन येते. ड्रायव्हर, डॉक्टर, सिस्टर, डिझेल, विमा, टायर, औषधं धरून ती चालवायला माझ्या अंदाजाने महिन्याला दोन लाखांच्या आसपास लागतात. म्हणजे दहा महिन्यांत तुमची दुसरी व्हॅन संपली. उद्घाटनाला सगळे येतात हो, पण तेराव्या महिन्यात डिझेल कोण टाकणार हे मी आजवर एकाही दात्याच्या अर्जात वाचलेलं नाही.

यंत्रांचंही तेच. गरीब देशांतल्या दवाखान्यांतली उपकरणं मोजणारा २०११ सालचा एक अभ्यास आहे, सोळा देशांचा. त्यात जवळपास ४० टक्के उपकरणं बंद सापडली. माझ्या केंद्रातलं बंद यंत्र मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. एका दात्याने रेडियंट वॉर्मर दिला होता, नवजात बाळाला वरून ऊब देणारा. वर्षाच्या आत त्याच्या सेन्सरची वायर तुटली. वायर तालुक्याला मिळेना, जिल्ह्याला मिळेना. कंपनीचा माणूस यायचा तर त्याचा येण्याजाण्याचा खर्च कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा, यावर आमचा आणि वरच्या कचेरीचा सात महिने पत्रव्यवहार चालला. तोवर बाळंतिणींच्या नातेवाइकांनी त्यावर गाठोडी ठेवायला सुरुवात केली होती. दात्याच्या नावाची पितळी पाटी मात्र आमची मावशी दर सोमवारी पुसायची.

आणि त्याच खोलीत, त्या यंत्राच्या शेजारच्या खाटेवर, कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी लुगड्याने बांधलेलं असायचं. कांगारू पद्धत. १९७८-७९च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात काचपेट्या पुरेनात म्हणून ती सुरू झाली आणि पुढे जगभर गेली. तिला वायर लागत नाही. पण बाईला ते बांधायला शिकवणारी, आणि दुसऱ्या दिवशी येऊन "काल रात्री सोडलं होतंस ना?" असं विचारणारी बाई लागते. तुमच्या वीस लाखांचं उत्तर मला या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बाईत दिसतं. म्हणून आता तिच्याबद्दल.

रात्री दोन वाजता पाड्यावर कोण असतं? डॉक्टर नसतो. सिस्टर उपकेंद्रात असली तर असते. निकषाप्रमाणे आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. पण डोंगरात तीन हजार लोक म्हणजे आठ-दहा पाडे आणि मध्ये दोन ओढे. पाड्यावर खात्रीने असतात त्या आजी, सुईण, भगत, आणि २००५ सालापासून आशाताई. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की या तिथेच राहणाऱ्या बाईच्या हातात काय आहे आणि तिच्या पाठीशी कोण आहे.

ही कल्पना काही माझी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावात नर्स राहायला तयार होईनात. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेत जगाने 'सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा' म्हटलं, त्याच्या आठ वर्षं आधी.

पण नवजात बाळांच्या बाबतीत सगळ्यात ठोस पुरावा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा करून पाहिली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. सुरुवातीला त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा साडेपंचवीसवर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. हे करणाऱ्या आरोग्यदूत बायका पाचवी ते दहावी शिकलेल्या होत्या. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचं वजन घेत, ऊब सांभाळत, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, दवाखान्यात न्यायला घरचे तयार नसले, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. गावातल्या बाईच्या हातात सिरिंज! त्या काळी आमच्यातले बरेच डॉक्टर हे ऐकून भडकले होते. मीही विद्यार्थिदशेत भडकणाऱ्यांतलाच. पहिल्या पोस्टिंगच्या पहिल्या पावसाळ्यात तो भडका विझला.

या प्रयोगातली सगळ्यांच्या लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे इंजेक्शन. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि ती कंटाळवाणी आहे. पर्यवेक्षक डॉक्टर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावात जात होता. स्वतः उपचार करायला नव्हे, आरोग्यदूताची वही तपासायला. तिने लिहिलेलं वजन बरोबर आहे का, श्वास नीट मोजला का, कुठलं बाळ सुटलं. २०११ पासून आशाताईंमार्फत ही गृहभेट देशभर सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. भेटी पोचल्या. पंधरा दिवसांनी वही पाहणारा माणूस मात्र त्या जोमाने पोचला नाही. आशांवर देखरेख करायला गटप्रवर्तक ताई आहेत, पण त्यांच्या वाट्याला आशांच्या कामापेक्षा अहवालांचे कागद जास्त येतात.

वही पाहणं म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी आशाताईंना म्हणायचो, "पिशवीतून थर्मामीटर काढा आणि काखेत लावा." एकदा तेवीस जणी होत्या. पिशव्या उघडल्या. चौघींचे घरी राहिले होते. दहा जणींच्या थर्मामीटरचं बटण दाबलं तर काचेवर काहीच उमटेना. आतला बटणासारखा छोटा सेल संपलेला. वीस-तीस रुपयांची वस्तू. पण ती तालुक्याच्या बाजारात मिळायची, तालुका पाड्यापासून सव्वीस किलोमीटर, आणि जीपचं भाडं सेलच्या तिप्पट. त्यातल्या एकीच्या वहीत मात्र प्रत्येक भेटीपुढे तापमान लिहिलेलं: ९८.२, ९८.२, ९८.४, ९८.२. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. ती काही खोटारडी नव्हती. रकाना मोकळा दिसला की वरून फोन येतो, सेल संपला म्हणून सांगितलं की कुणी सेल देत नाही. मग तिने काय करावं? बाळ थंड पडणं हे नवजाताच्या आजाराच्या लवकर दिसणाऱ्या लक्षणांपैकी एक, आणि वहीत ते दिसणारच नव्हतं.

आता बांगलादेशचं उदाहरण देतो, कारण जुलाबाच्या बाबतीत आपल्यापेक्षा त्यांच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे. जुलाबावरच्या मीठ-साखर-पाण्याची पहिली मोठी कसोटी आपल्याच अंगणातली. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात, बनगावच्या छावणीत, सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण पिंपांतून वाटलं, आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या आत आलं. पण छावणीत वाटणं वेगळं आणि लाखो घरांत आईने स्वतःहून करणं वेगळं. बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने १९८० ते १९९० या काळात सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन बायकांना शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. चिमूट आणि मूठ प्रत्येकीकडे असतेच, मोजमाप विकत आणावं लागत नाही.

त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते पगाराचं गणित. किती घरी गेलीस यावर शिकवणारीला पैसे नव्हते. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्यातल्या काही घरांत विचारायचा, "ताई, काय काय लक्षात आहे? करून दाखवा." आईला जेवढं आठवेल, त्याप्रमाणे शिकवणारीचे पैसे. एवढं करूनही सुरुवातीला बायकांना पाठ होतं, पण मूल आजारी पडलं की त्या ते पाणी देत नव्हत्या. शोध घेतला तर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या! मग त्यांना नीट समजावून दिलं, स्वतःवर वापरायला लावलं, पुरुषांनाही बैठकांत बसवलं, तेव्हा गाडी हलली. मी प्रशिक्षणात हे सांगितलं की हसू फुटायचं, आणि मग एखादी सिस्टर हळूच म्हणायची, "सर, आम्ही पण नातवाला आधी डॉक्टरकडे सलाइन लावायलाच नेतो."

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुरवठ्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि झऱ्याच्या पाण्यात घाण उतरली. आमच्या स्टोअरमध्ये ओआरएसचे, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या तयार पुड्यांचे, दोन खोके भरलेले होते. मागणीपत्र आल्यावर माल द्यायचा, अशी पद्धत. दूरच्या उपकेंद्राची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती, त्यामुळे मागणीपत्रच आलं नाही, आणि मागणी नाही म्हणजे गरज नाही असं आमच्या रजिस्टरने ठरवलं. फार्मासिस्टने, लिपिकाने आणि मीही. त्या उपकेंद्राच्या एका पाड्यावर आठवड्यात तीन मुलं जुलाबाने गेली. मी गेलो तेव्हा आशाताईच्या घरात ओआरएसचं एकही पाकीट नव्हतं. तिने गूळ-मिठाचं पाणी दिलं होतं, दोन पोरं त्यावर तगली होती. तिसऱ्याच दिवशी आम्ही नियम बदलला. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक आशाकडे पन्नास पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या पोचवायच्या, कुणी मागो न मागो. त्यासाठी एकही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नाही. लागलं ते जीपचं डिझेल, आणि ते त्या वर्षी मी खिशातून टाकलं.

लसींचं एक उदाहरण देतो, कारण पाहुणे दाते नेहमी फ्रिज द्यायला उत्सुक असतात. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. सगळ्यांना वाटतं धोका उन्हाचा. उन्हाचा आहेच, आणि तो कुपीवरच्या छोट्या चौकोनाचा रंग बदलतो म्हणून कळतो तरी. पण पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठली की निकामी होते आणि तो चौकोन काहीच सांगत नाही. लस गोठते कुठे? डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच कडक असताना लस न्यायच्या पेटीत, कॅरियरमध्ये, घातले की. म्हणून पॅक बाहेर ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. सकाळी सातला, बाहेर जीप हॉर्न वाजवत असताना, पॅक कानाशी धरून उभी राहणारी सिस्टर मी पाहिली आहे. ड्रायव्हर हसत होता, म्हणे सिस्टर बर्फाशी फोनवर बोलतात. तिला ते कुणी शिकवलं? बारा वर्षांपूर्वी तिच्या जुन्या पर्यवेक्षिकेने, शेजारी उभं राहून. फ्रिज देणाऱ्याने नव्हे.

आता मोबदल्याचं. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला अडीचशे रुपये. सहा भेटींनी भागा, भेटीला एक्केचाळीस-बेचाळीस. तीन किलोमीटर डोंगर चढून. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका' आहे. २०२३ च्या शेवटी राज्यभरातल्या आशांनी संप केला तेव्हा शहरातली माणसं मला विचारत होती की ह्यांना पगार नसतो का? इथिओपियाने, आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देशाने, २००३ पासून वेगळा रस्ता धरला. साधारण पाच हजार लोकांच्या वस्तीला दोन आरोग्यसेविका, वर्षभराचं प्रशिक्षण आणि सरकारी पगार. अशा तीस हजारांहून जास्त बायका त्यांनी नेमल्या. तिथेही अडचणी आहेतच, कामाचा बोजा वाढत गेला, पण पगार हा उपकार नसून खर्चाची नेहमीची बाब आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं. तुमच्या वीस लाखांनी हा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही आशांना वरून पगार देऊही नका, कारण दोन वर्षांनी तो बंद कराल तेव्हा ती कामच सोडेल.

मग करायचं काय? इथे तुमच्याबद्दल मला काही गोष्टी माहीत नाहीत, आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. त्या तालुक्यात रात्री सिझेरियन करणारं रुग्णालय आहे का? ते नसेल तर पाड्यावरच्या बाईने वेळेत ओळखलेल्या अडलेल्या बाळंतिणीला न्यायचं कुठे? तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकतोय का? तालुका आरोग्य अधिकारी तुमच्याशी बोलायला तयार आहे का? आणि तिथे आधीच काम करणारी, भाषा येणारी संस्था आहे का? चारही उत्तरं नाही असतील तर तालुका बदला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरकारी यंत्रणेच्या शेजारी आपली वेगळी यंत्रणा उभी करून तीन वर्षांनी निघून जाण्यापेक्षा ते बरं.

उत्तरं बरी असतील तर मी वीस लाख असे वापरेन. एकदम खर्च करणार नाही, चार वर्षांवर पसरेन, वर्षाला पाच लाख. निम्म्याहून जास्त पैसा एका माणसाच्या पगारावर आणि तिच्या गाडीच्या पेट्रोलवर. ही बाई नर्सिंग झालेली, स्थानिक बोली बोलणारी. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची पावरी भाषा येत असेल तर मुंबईच्या पदवीपेक्षा ती मोठी पात्रता. तिचं काम उपचाराचं नसेल. वीस-बावीस आशांकडे दर पंधरा दिवसांनी जायचं, वही पाहायची, एका बाळाचा श्वास तिच्यासोबत मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस, हे आकडे तोंडपाठ असणं आणि रडणाऱ्या पोराचा श्वास खरोखर मोजता येणं यात खूप अंतर आहे. मूल झोपेपर्यंत थांबायचं, झगा वर करायचा, पूर्ण मिनिट पोटाकडे बघायचं. पाहुणा समोर असताना आशाताई अर्ध्या मिनिटात मोजून दुप्पट करते, आणि तिथेच चूक होते.

उरलेला पैसा दोन डब्यांत. एक डबा बारीकसारीक वस्तूंचा: सेल, वजनकाट्याची झोळी, सेकंदकाटा असलेली घड्याळं, रेनकोट, टॉर्च. हे सरकारी खरेदीत येतं पण वेळेवर येत नाही. दुसरा डबा रात्रीच्या गाडीचा. १०८ ची रुग्णवाहिका जिथे पोचते तिथे तिलाच बोलवायचं, पण पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणावं लागतं, आणि मग शेजारच्या गावातल्या जीपवाल्याला उठवावं लागतं. तो आधी पैसे मागतो, आणि त्याचं चुकत नाही, त्याला मागचे तीन वेळचे मिळालेले नसतात. त्याच्याशी आधीच करार करा, ठरलेला दर, महिन्याच्या पाच तारखेला हिशेब. आमच्याकडे एका संस्थेने हे केलं तेव्हा जीपवाला स्वतः आशाताईला विचारू लागला की या महिन्यात कुणाचे दिवस भरलेत.

औषधं विकत घेऊन वाटू नका. अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या सरकारकडून यायच्या असतात. तुम्ही दिलीत की वरचा माणूस निवांत होतो आणि पुढल्या वर्षी तुमच्याच नावाने मागणीपत्र येतं. तुमच्या नर्सताईने त्यापेक्षा दर महिन्याला प्रत्येक उपकेंद्रात काय संपलंय त्याची एक पानी यादी करून तालुका अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावी. यादी सलग सहा महिने टेबलावर आली की सातव्या महिन्यात ती यायच्या आधीच माल निघालेला असतो, असा माझा दोन तालुक्यांतला अनुभव आहे. तिसऱ्या तालुक्यात साहेबांनी यादी आणणारीलाच यायला बंदी केली, हेही सांगून ठेवतो.

मित्रांना काय दाखवणार, हा तुमचा खरा पेच असेल याची मला कल्पना आहे. व्हॅनचा फोटो निघतो, नारळ फुटतो. पंधरा दिवसांनी पाहिलेल्या वहीचा फोटो कोण बघणार? यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे. वर्षातून दोनदा दोघा-तिघांनी तिथे जाऊन राहा. एकदा जानेवारीत जा, म्हणजे रस्ते चांगले असतील. आणि एकदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जा. पहिल्या भेटीत कुठल्याही आशाताईच्या घरी बसा, चहा प्या, आणि मग तिला तिची पिशवी दाखवायला सांगा. थर्मामीटरचं बटण तुम्ही स्वतः दाबा. आकडा उमटला नाही तर खिशात सेल ठेवलेला असू द्या. एलआर ४१ म्हणून मागायचा, घड्याळवाल्याकडे मिळतो.